सभासद क्रमांक सतरा

आमच्या सोसायटीच्या सभेला ते स्वतःची खुर्ची घेऊन येत. लोखंडी, घडीची, बसताना कुरकुरणारी. आम्ही बाकीचे सगळे जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत सतरंजीवर मांडी घालून बसलेलो आणि हे एकटे भिंतीला लागून ताठ. नवीन माणसाला वाटायचं, चेअरमन हेच. खऱ्या चेअरमनना ते इतकं लागलं की एका सभेला त्यांनीही घरून खुर्ची मागवली. लगेच हे उठून उभे राहिले.

"चेअरमनसाहेबांनी सभासदांच्या डोक्यावर बसायला माझा विरोध आहे. नोंदवा."

"अहो, तुम्हीही खुर्चीवरच बसलाय," मी म्हणालो.

"माझे गुडघे गेलेत. साहेबांचे शाबूत आहेत. तेही नोंदवा."

नोंदवणारा मी. सोसायटीचा सेक्रेटरी. वय तीस-बत्तीस, सरकारी कचेरीत कारकून, अक्षर बरं आणि 'नाही' म्हणायची सवय नाही, एवढ्या पात्रतेवर मला पहिल्याच सभेत सेक्रेटरी करून टाकलं होतं. तेव्हाही चोवीस सभासदांपैकी तेवीस हात वर झाले आणि उरलेले एक म्हणाले, "यांना मी ओळखत नाही. माझा विरोध." मला त्यांचा राग आला तो तिथपासून. पुढे तो वाढतच गेला. आजही मला राग येतो, पण आता तो त्यांचा येत नाही. कुणाचा येतो ते सांगायलाच बसलोय.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. खाडीवरचा पूल ओलांडून मुंबईची माणसं या नव्या शहरात राहायला येत होती. शहर म्हणजे काय, तर चार-चार मजली इमारतींच्या काही रांगा, मधे लाल मातीचे रस्ते आणि दिवसातून मोजक्या वेळा येणारी बस. पत्त्यात सेक्टरचा नंबर लिहिताना मात्र आमची छाती फुगायची. आमच्या इमारतीत कोकणातले, साताऱ्याकडचे, मराठवाड्यातले, गिरगावातून आलेले असे सगळे होते. मागच्या बाजूला तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे जुनं गाव. ज्या भातशेतीवर आमची इमारत उभी होती ती त्या गावची होती. ही गोष्ट आम्हाला सगळ्यांना माहीत होती आणि बोलण्यात कुणी आणत नव्हतं.

हे तळमजल्यावर राहायचे, मागच्या बाजूला. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात कारकून होते, निवृत्त झाले, बायको आधीच गेलेली, मुलगा औरंगाबादला. सोडतीत इथलं घर लागलं. मुलगा म्हणाला, विकून टाका. हे म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा माझ्या नावावर काही लागलंय. राहून तर बघतो." आणि आले एकटेच. भाकरी स्वतः थापायचे. शर्टाला कडक इस्त्री, डोक्यावर टोपी, खिशाला दोन पेनं. एक निळं, एक लाल.

कोर्टात त्यांनी आयुष्यभर साक्षी लिहून घेतल्या होत्या. साक्षीदार जे बोलेल ते, तसंच्या तसं. तो 'मारलं' म्हणाला तर मारलं, 'हाणलं' म्हणाला तर हाणलं. पदरचा शब्द घालायचा नाही, त्याचा शब्द गाळायचा नाही. "जे कागदावर आलं नाही ते झालंच नाही," असं ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे.

त्यामुळे त्यांच्याशी साध्या गप्पा मारणं महाकठीण. संध्याकाळी दूध केंद्राच्या कट्ट्यावर आमची बैठक भरायची. विषय ठरलेले. पाणी, डास, बस, शाळेतले प्रवेश आणि अमक्याच्या घरात काय चाललंय. कुणीतरी म्हणायचं, "सगळे म्हणतायत, दुसऱ्या मजल्यावरचे घर सोडून चाललेत." की हे मागून विचारणार, "सगळे म्हणजे कोण? नावं सांगा. शब्द काय होते?" बोलणारा गप्प. गप्पांचा रंग गेलाच म्हणून समजा. हे येताना दिसले की कट्टा रिकामा व्हायचा, आणि रिकाम्या कट्ट्यावर ते समाधानाने बसायचे.

एकदा ओल्या कपड्यांवरून दोन बायकांचं वाजलं. वरचीची साडी खालचीच्या वाळवणावर ठिबकत होती. भांडण जिन्यात आलं तसे हे वही घेऊन मधे उभे राहिले. म्हणाले, "एकेक जणी बोला. मी लिहून घेतो." आणि खरोखर लिहून घेतलं. एकीचं संपल्यावर दुसरीचं. मग चष्मा पुसून दोघींना वाचून दाखवलं. आपण रागात काय काय बोललो ते अशा सपाट आवाजात ऐकल्यावर दोघींची तोंडं उतरली. लगेच दोघींची युती झाली आणि त्या मिळून यांच्यावर घसरल्या. यांनी तेही लिहून घेतलं आणि खाली सह्या मागितल्या.

सभेत तर विचारू नका. जिन्याला गुलाबी रंग द्यायला विरोध. सोसायटीतर्फे सत्यनारायण घालायला विरोध. फेरीवाल्यांना मनाईची पाटी लावायला विरोध. एका सभासदाचे वडील वारले, त्यांच्या दुखवट्याच्या ठरावाला विरोध, कारण "मयताला मी कधी पाहिलेलं नाही. दुःख झालं असं खोटं कसं लिहू?" ज्येष्ठ सभासदांचा सत्कार करायचं ठरलं, यादीत पहिलं नाव त्यांचंच होतं, आणि त्यालाही त्यांचा विरोध. लोक हसायचे. चेअरमन कपाळाला हात लावायचे. सभा संपली की हे माझ्यामागे उभे राहून वहीत डोकवायचे आणि आपला विरोध नीट उतरला की नाही ते बघितल्याशिवाय खुर्चीची घडी करायचे नाहीत.

आता माझी एक खोड सांगतो. मी सभेचं इतिवृत्त सभेच्या आधीच लिहून ठेवायचो. हसू नका, सरकारी कचेरीत ही पद्धतच होती. काय होणार ते माहीत असायचं, सूचक कोण, अनुमोदक कोण ते चेअरमन आदल्या दिवशी सांगायचे. मी निवांतपणे वळणदार अक्षरात लिहून काढायचो. 'सदर ठराव चर्चेअंती सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' सभेच्या सुरुवातीला समोरच्या पानावर हजेरीच्या सह्या घ्यायच्या, झालं. यांचा विरोध मग कडेच्या समासात बारीक अक्षरात कोंबायला लागायचा. माझी सुंदर पानं हा माणूस नासवतो, एवढंच तेव्हा मला वाटायचं.

कुंपणाच्या तारा एका जागी वाकवलेल्या होत्या. तिथून गावातल्या बायका हंडे घेऊन आत यायच्या. आमच्या पंपाच्या खोलीला लागून एक नळ होता, इमारत बांधताना मजुरांसाठी बसवलेला. बाजूच्या जमिनीवर भराव पडला तेव्हापासून गावच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं. गावात नळ यायचा होता, पण तो यायचाच होता. दुपारी आमच्याकडची कामं उरकली की बायका यायच्या, रांगेने हंडे भरायच्या, जायच्या. कुणाला त्रास नव्हता.

जाताना त्या यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबायच्या. कमरेला खोचलेला एखादा कागद निघायचा. जमिनीची नोटीस, कचेरीचं बोलावणं. हे चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचायचे, अर्थ सांगायचे, आणि लाल पेनाने एखाद्या ओळीखाली रेघ मारून म्हणायचे, "हे मान्य नसेल तर इथं अंगठा उठवायचा नाही. विरोध असेल तर विरोध लिहून घ्या म्हणायचं. लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही." त्या बायकांत पुढे असायची ती हिराबाय. पन्नाशीची, काळीसावळी, खणखणीत आवाजाची. ती यांना भाऊ म्हणायची. गावातल्या माणसांचा आमच्या अख्ख्या कॉलनीत एकाच माणसावर विश्वास होता आणि तो माणूस आमच्या विनोदाचा विषय होता.

एका उन्हाळ्यात तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर पाणी चढेना. मी तिसऱ्या मजल्यावर. बायको रोज बादल्या घेऊन खाली-वर करायची आणि माझ्या सेक्रेटरीपणाचा उद्धार करायची. कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. पंप तपासावा, पाइप बघावा, असं कुणीच म्हणालं नाही. चेअरमन म्हणाले, "प्रेशर येणार कुठून? सगळं गाव आपल्या टाकीवर पाणी भरतंय. कुलूप घाला नळाला. टेन्शनच खलास." आणि सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. खोटं कशाला बोलू?

सभेच्या आदल्या दिवशी चेअरमन घरी आले. म्हणाले, "हे बघा, ठरावाची कॉपी वरच्या ऑफिसात द्यावी लागणार. गाववाले बोंब मारणारच. तेव्हा एकमत दिसलं पाहिजे. काय?"

"आणि सतरा नंबर?"

"त्यांचं काय घेऊन बसलात? ते गुलाबी रंगालापण विरोध करतात." मग जिना उतरताना हळूच म्हणाले, "पाण्याचं काढलं की या लोकांचं ते जुनं दुखणं वर येतं."

'या लोकांचं.' मी ऐकलं आणि दार लावून घेतलं. त्यांना धक्के मारून जिन्याखाली घालवायला हवं होतं. मी आत जाऊन वही काढली आणि ठराव लिहायला बसलो.

सभेत ते उभे राहिले तेव्हा लोक नेहमीसारखे हसायच्या तयारीत होते. त्या दिवशी त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. म्हणाले, "पिण्याच्या पाण्याला कुलूप घालायचा हा ठराव आहे. बाकी शब्द सजावटीचे आहेत. माझा विरोध आहे."

सभेत एक शिक्षक होते, मऊ बोलणारे. ते म्हणाले, "आम्ही तुमच्या भावना समजू शकतो. तुमच्या आधीच्या पिढीनं फार सोसलंय. विहिरीवर ताटकळत उभं राहणं वगैरे..."

हे असे गरकन वळले की खुर्ची मागे पडली.

"माझ्या आईला इथं आणू नका. तुमची दया घ्यायला मी आलेलो नाही. मी सभासद क्रमांक सतरा म्हणून बोलतोय. त्या बायकांची विहीर कामातनं गेली ती आपली कॉलनी वसली म्हणून, आणि आपण त्यांना हंडाभर पाणी नाकारतोय. हे नोंदवा. शब्दशः नोंदवा."

मी मान हलवली. पेन हातात होतं. तेवीस हात वर झाले, त्यातला एक माझा.

त्या एका दिवशी ते वहीत डोकवायला थांबले नाहीत. खुर्चीची घडी न करताच मागच्या बाजूने कुंपणाकडे गेले. नंतर कळलं, ते हिराबायला सांगायला गेले होते की, उद्या कुलूप लागेल, पण घाबरू नका. ठराव एकमताने झालेला नाही, माझा विरोध वहीत लिहिलाय. त्याच्या आधारावर कचेरीत अर्ज करा. जन्मभर कागद तपासून बघणाऱ्या माणसाने त्या एका दिवशी माझ्यावर भरवसा ठेवला. मी संध्याकाळी वही उघडली. समासात जागा होती. मी लिहिलं नाही.

नळाला कुलूप लागलं. तिसऱ्या मजल्यावर पाणी तेवढंच चढत राहिलं. गाववाल्यांनी अर्ज केला आणि पंधरवड्याने नगर वसवणाऱ्या महामंडळाचा एक अधिकारी चौकशीला आला. पंपाच्या खोलीसमोर, भर दुपारी. एका बाजूला चेअरमन, मी आणि आमचे दहा-बारा सभासद. दुसऱ्या बाजूला गावातल्या बायका, चार म्हातारे, आणि त्यांच्यात इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी नीट करून हे उभे.

अधिकाऱ्याने ठरावाची प्रत मागितली. माझ्याच अक्षरातली. त्याने मोठ्याने वाचली. "...खालील सभासदांच्या उपस्थितीत सर्वानुमते मंजूर." मग नावं वाचू लागला. सतरावं नाव वाचून तो थांबला. "हे कोण?"

"मी," हे म्हणाले. "पुढे वाचा. माझा विरोध आहे त्यात."

अधिकाऱ्याने कागद उलटून पाहिला. "पुढे काही नाही, आजोबा. खाली तुमच्या सेक्रेटरीची सही आहे फक्त."

यांनी कागद हातात घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला, समास बघितला, परत वाचला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कामून लिहिलं नाही?"

कोर्टातली मराठी गेली होती. मी त्यांना त्यांच्या गावच्या बोलीत बोलताना पहिल्यांदा ऐकत होतो. सगळे माझ्याकडे बघत होते. 'चूक झाली, यांचा विरोध होता,' एवढं एक वाक्य. कुणी माझी नोकरी घेणार नव्हतं, कुणी मला घराबाहेर काढणार नव्हतं. चेअरमन बाजूला खाकरले आणि मी मूग गिळून उभा राहिलो.

हिराबाय पुढे आली. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. "भाऊ, तुमी तर बोललाव, लिवलंय म्हनून."

"हिराबाई, मी सभेत बोललो. तेवीस माणसांसमोर बोललो."

"तुमीच सांगता ना आमाला? कागदावर नाय ती गोष्ट झालीच नाय. मंग तुमीपन त्यांच्यातलंच."

हंडे कमरेवर घेऊन बायका तारेतून पलीकडे गेल्या. हे दोन्ही बाजूंच्या मधे उभे राहिले, कागद हातात धरून. अधिकाऱ्याने तो हळूच काढून घेतला. कुलूप कायम राहिलं.

त्यानंतर त्यांनी काय केलं असेल? स्वयंपाकघरातल्या नळाला रबरी नळी लावली, ती खिडकीतून बाहेर काढली आणि खिडकीखाली एक पिंप ठेवलं. रोज दुपारी पिंप भरायचे आणि खिडकीत बसायचे. पायवाट समोरच होती. बायका वाटेने जायच्या, परत त्या मचूळ विहिरीवर, आणि पिंपाकडे मान वळवायच्या नाहीत. संध्याकाळी हे ते पाणी एकेक तांब्या करून कुंपणाजवळच्या झाडांना घालायचे. कागद वाचून घ्यायलाही कुणी येईनासं झालं. ते कागद आता कोण वाचून दाखवत होतं कुणास ठाऊक.

आणि आमची सोसायटी? सोसायटीने त्यांना नोटीस दिली. टंचाईच्या काळात पाण्याचा अपव्यय केल्याबद्दल. ती नोटीस मी लिहिली. आजही ते अक्षर डोळ्यांसमोर आलं की हात झडून जावा असं वाटतं.

नोटीस मिळाल्यावर ते माझ्या घरी आले. तीन मजले, ते गुडघे. यापूर्वी कधी आले नव्हते. मला वाटलं, आता फाडून खातील. ते दारातच उभे राहिले.

"ठराव बदलू नका," ते म्हणाले. "तुमच्याच्यानं ते होणार नाही. तुम्ही फक्त माझ्याबरोबर गावात चला. हिराबाईला एवढंच सांगा की हा माणूस विरोधात होता, लिहायचं मी टाळलं. माझं सांगणं आता ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल, कारण सही तुमची आहे."

"जाऊ की," मी म्हणालो. "येत्या रविवारी जाऊ."

रविवारी सकाळी ते जिन्याखाली उभे. टोपी, इस्त्रीचा शर्ट. मी वरून सांगितलं, पाहुणे आलेत, पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी ते परत उभे. मुलाला ताप आहे म्हणालो. ताप नव्हता. तिसऱ्या रविवारी मी खिडकीच उघडली नाही. पडद्याच्या फटीतून बघत होतो. ऊन चढेपर्यंत ते उभे होते. येणाजाणाऱ्याने विचारलं तर म्हणत, "सेक्रेटरीसाहेब येतायत. आम्हाला जरा गावात जायचंय." गाव पाच मिनिटांच्या वाटेवर होतं.

चौथ्या रविवारी ते आले नाहीत. मला हायसं वाटलं. हेही लिहायलाच हवं.

पावसाळ्याआधी मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. निघताना ते कुणाला भेटले नाहीत. पुढच्या थंडीत मुलाचं सोसायटीला पत्र आलं, वडील वारले, घर माझ्या नावावर करावं. त्या रविवारच्या सभेत चेअरमननी दुखवट्याचा ठराव सांगितला आणि मी लिहून घेऊ लागलो. या खेपेला आधी लिहून आणला नव्हता. "सर्वांशी मिळूनमिसळून वागणारे, सोसायटीच्या प्रत्येक कार्यात सहमतीने सहभागी होणारे..." मी मान वर केली. सगळ्यांचे चेहरे गंभीर. एकालाही हसू फुटलं नाही, एकालाही लाज वाटली नाही. "...असे ज्येष्ठ सभासद हरपले. लिहा, सर्वानुमते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणालो, "हे खोटं आहे. त्यांनी जन्मात कधी आपल्याला सहमती दिली नाही. नळाच्या ठरावालाही त्यांचा विरोध होता आणि मी तो लिहिला नाही. तुम्ही सगळे तिथे होतात."

"अहो, मेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं," शिक्षक म्हणाले.

चेअरमन म्हणाले, "तुमची तब्येत बरी नाही. आणा ती वही, मी लिहितो."

मी वही त्यांच्यासमोर टाकली आणि उठलो. मागच्या बाजूने गेलो, तारा वाकवल्या आणि गावात शिरलो. चार वर्षं त्या इमारतीत राहून मी ते कुंपण पहिल्यांदा ओलांडत होतो. हिराबायचं घर विचारत गेलो. ती पडवीत मासळी निवडत बसली होती. तिने मला ओळखलं. उठली नाही.

मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. त्यांचा विरोध होता. ते भर सभेत बोलले. मला लिहायला सांगितलं. मी लिहिलं नाही. ते खोटं बोलले नव्हते, मी खोटं लिहिलं. ते वारले हेही सांगितलं.

तिचे हात थांबले.

"कवा वारला?"

"महिना झाला."

"तो जिता व्हता तवा त्या पिंपावरनं आमी सगल्या माना फिरवून गेलो," ती म्हणाली. "रोज. तो खिडकीत बसलेला दिसायचा. तवा का नाय आलास?"

तिने मासळी बाजूला सारली.

"आता सांगून कुनाला बरं वाटायचं? त्याला? मला?" तिने माझ्याकडे बघितलं. "तुला बरं वाटावं म्हनून आलास."

ती उठली, हात धुतले आणि आत गेली. मला वाटलं, संपलं, आता निघावं. पण ती तांब्या भरून घेऊन आली आणि माझ्यापुढे धरला. दारात आलेल्या माणसाला ती तसं पाठवणार नव्हती. मी तांब्या तोंडाला लावला. पाणी खारट, गाळाचा वास असलेलं, घशाखाली उतरेना. दोन घोट घेऊन मी तो खाली ठेवू लागलो.

"सगलं पी," हिराबाय म्हणाली. "आमी रोज पितो."

ती समोर उभी राहिली, आणि मी तांब्या रिकामा केला.